शीड ते डिझेल

गेल्या शनिवारी फ्रीमाँटच्या पुलाखालून गेलो आणि पुलाने माझी दखलसुद्धा घेतली नाही.

सिअ‍ॅटल माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. गावाच्या मधोमध लेक युनियन नावाचं तळं आहे. तिथून समुद्राकडे, म्हणजे प्युजेट साउंडकडे जायचं तर एका कालव्यातून जावं लागतं. त्या कालव्यावर १९१७ सालचा, निळ्या-केशरी रंगाचा हा पूल आहे. पाण्यापासून जेमतेम ३० फूट उंच. त्याहून उंच बोट आली की तो मधोमध दुभंगतो आणि दोन्ही पंख वर उचलतो. त्यासाठी आपण भोंगा वाजवायचा, एक लांब आणि एक आखूड. पूलवाला तसंच उत्तर देतो, घंटा वाजायला लागते, फाटकं पडतात, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या, बस, सायकलवाले, कुत्री फिरवणारे, सगळे थांबतात. कोणासाठी? आपल्यासाठी!

माझ्या जुन्या बोटीची डोलकाठी पाण्यापासून ४६ फूट उंच होती. नऊ वर्षं मी हा पूल उचलत आलो. ऑफिसात ज्याला एक मीटिंग रूम मिळवताना नाकी नऊ येतात, त्याच्यासाठी चार-पाच मिनिटं अख्खा रस्ता थांबतो, ही काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. मी सुकाणू धरून, मान किंचित वर करून, शिवाजी महाराजांच्या आरमारातला सरदार असल्यासारखा त्या पुलाखालून जायचो. (खरं म्हणजे शीड तेव्हा गुंडाळलेलं असायचं आणि खाली इंजिन फटफटत असायचं. कालव्यात शिडावर जाता येत नाही. पण रस्त्यावरच्या लोकांना काय माहीत?)

आता माझ्याकडे मोटर क्रूझर आहे. ३४ फुटी, डिझेलवर चालणारी, अँटेना धरूनही १५ फूट उंच. पुलाखालून सरळ निघून जाते. वर गाड्या धडधडत राहतात. कोणी थांबत नाही, कोणी हात करत नाही.

तर आज या बदलाबद्दल लिहायचं आहे. आमच्या शीडवाल्या मित्रमंडळात याला धर्मांतर म्हणतात. मी बोट विकतोय म्हटल्यावर एकाने सांत्वनाचा फोन केला होता. दुसऱ्याने विचारलं, "गुडघे गेले का रे?" लोक म्हातारपणी मोटरबोट घेतात असा समज आहे. मी तर अजून पन्नाशीचाही नाही. गुडघे शाबूत आहेत. कारण वेगळं आहे.

सुरुवातीपासून सांगतो. मी इथे २००६ मध्ये आलो. पहिली काही वर्षं सगळे करतात तेच केलं, म्हणजे नोकरी, व्हिसा, कॉस्टको, शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक. २०१२ मध्ये एका सहकाऱ्याने त्याच्या बोटीवर नेलं. तळ्याच्या बाहेर आल्यावर त्याने इंजिन बंद केलं. तो क्षण मला अजून आठवतो. आवाज थांबला, आणि बोट मात्र थांबली नाही. कलली, आणि चालू लागली. पाण्याची नुसती खळखळ. दिवसभर सर्व्हर रूमची घरघर ऐकणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

पुढचे दोन उन्हाळे शिकलो आणि २०१४ मध्ये एक जुनी, ३० फुटी शिडाची बोट घेतली. त्यात एक छुपा अभिमानही होता. माझे आजोबा मालवणकडचे. त्यांचा शिडाचा मचवा होता. वडील नोकरीसाठी मुंबईला आले आणि दर्याशी संबंध संपला. मी सातासमुद्रापार येऊन तो धागा पुन्हा जोडतोय वगैरे कल्पना मी स्वतःला ऐकवायचो. पार्टीत दोन पेग झाल्यावर इतरांनाही ऐकवायचो.

आता वस्तुस्थिती. प्युजेट साउंडमध्ये वारा भरपूर असतो, पण हिवाळ्यात, पाऊस आणि चार वाजता पडणाऱ्या अंधाराबरोबर. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा माणसांना बोटीवर जावंसं वाटतं, तेव्हा कित्येक दिवस पाणी आरशासारखं असतं. त्यात भरती-ओहोटीचे प्रवाह. उत्तरेला डिसेप्शन पास नावाची चिंचोळी खिंड आहे, तिथे प्रवाह ८ नॉटपर्यंत जातो. माझी बोट वारा असला तर पाच-साडेपाच नॉट जायची. म्हणजे वेळ चुकली तर मी पुढे बघत असताना बोट मागे जाणार!

मी इंजिनियर माणूस, सगळ्या नोंदी ठेवतो. एका हिवाळ्यात सहज लॉगबुक घेऊन बसलो आणि बेरीज केली. दर १० तासांतले जवळजवळ ७ तास मी इंजिनवरच होतो. म्हणजे मी शिडाची बोट चालवत नव्हतोच. मी एक मंद, गार, छोट्या इंजिनाची मोटरबोट चालवत होतो, जिच्यावर ४६ फुटी खांब होता. ही बेरीज मी कोणाला दाखवली नाही.

आणि गार हा शब्द मुद्दाम लिहिला. शिडाच्या बोटीत सुकाणू मागे, उघड्यावर असतं. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही १०-१३ अंश असतं आणि त्यावरून येणारा वारा तसाच. मी सुकाणूवर असायचो, कामात असायचो, मला थंडी वाजायची नाही. बायको आणि लेक समोर बसलेल्या असायच्या, तीन थर कपडे घालून. "मजा येतेय ना?" मी विचारायचो. "हो," बायको म्हणायची. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या "हो"चा अर्थ मला कळायला पाहिजे होता.

ऑगस्ट २०२२. व्हिडबी बेटावरच्या लँगली गावी दोन रात्री राहून आम्ही परत निघालो होतो. वारा उत्तरेचा, आम्ही दक्षिणेला, म्हणजे वारा बरोबर पाठीमागून. ऐकायला सगळ्यात सोपं वाटतं, पण शिडाच्या बोटीत हीच अवघड दिशा. मोठं शीड एका बाजूला पूर्ण उघडलेलं असतं. त्याच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. बोटीचं तोंड थोडं जरी भलतीकडे वळलं आणि वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर तो दांडा एका सेकंदात या टोकाहून त्या टोकाला फिरतो. मधे जे येईल त्याला घेऊन. म्हणून अशा वेळी दांडा दोरीने पुढे बांधून ठेवायचा असतो. पाच मिनिटांचं काम आहे.

मी बांधला नव्हता.

दुपारचे चार वाजले होते. वेग चारच्या आसपास. घर अजून तीन तासांवर. बायको म्हणाली, "इंजिन लाव ना, पोरगी गारठलीये." मी म्हटलं, "आठवड्यात पहिल्यांदा असा वारा मिळालाय, आत्ता कुठे इंजिन!" अर्ध्या तासाने ती परत म्हणाली. मी म्हटलं, "दहा मिनिटं. पुढे वाढेल वारा."

लांबून एक मोठं मालवाहू जहाज गेलं होतं. त्याच्या लाटा बऱ्याच वेळाने आमच्यापर्यंत पोचल्या. बायको तेव्हा लेकीचा स्वेटर आणायला खाली जायला उठली होती. बोट एकदम डोलली, सुकाणू हातातून थोडं सरकलं, आणि दांडा आला. ती खाली वाकली. डोकं वाचलं. पण तोल सांभाळायला तिने हात नेमका दांड्याच्या दोरखंडावर ठेवला होता. मनगटाची दोन हाडं मोडली.

मग मी इंजिन लावलं.

पुढचे दोन तास कसे गेले ते सांगत नाही. लेक बाराएक वर्षांची होती, तिने आईचा हात उशीवर धरून ठेवला होता आणि माझ्याकडे बघत नव्हती. रात्री इमर्जन्सीत बसलो असताना मी बायकोला समजावून सांगत होतो, नेमकं काय झालं ते. लाटेचा कोन, वाऱ्याची दिशा, दांडा बांधला असता तर काय झालं असतं, पुढच्या वेळी चेकलिस्टमध्ये काय टाकायचं. ऑफिसात सिस्टिम पडली की आम्ही जसा रिपोर्ट लिहितो, मूळ कारण, उपाययोजना, तसा तोंडी रिपोर्ट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी इंजिन लाव म्हटलं होतं."

एवढंच. भांडण नाही, काही नाही. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, मनगट बरं झालं. तिने कधी बोटीचं नावही काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटा जायचो. "तुला येववत असेल तर..." मी म्हणायचो. "तू जाऊन ये," ती म्हणायची. एकट्याने पूल उचलायलाही मग ओशाळल्यासारखं व्हायचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये बोट विकली. एका तरुण जोडप्याने घेतली. त्यातल्या मुलाला मी दांडा कसा बांधायचा ते तीन वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, कळलं मला."

खरं तर मी बोट हा विषयच बंद करणार होतो. पण हिवाळ्यात एकदा बायकोच म्हणाली, "काचेआड बसता येईल अशी बोट नसते का? हीटरवाली?" असते की! मीच तिच्याकडे नऊ वर्षं नाक मुरडून बघत होतो. वसंतात आम्ही दोघं मिळून सात-आठ बोटी पाहिल्या आणि ही घेतली. एक डिझेल इंजिन, १२० हॉर्सपॉवर. काचेची केबिन, आत सुकाणू, शेजारी बाक, मागे छोटंसं स्वयंपाकघर.

आता मोटरबोट म्हणजे स्टिअरिंग धरलं की झालं, असा माझा समज होता. तो पहिल्या आठवड्यात गेला. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली दोन टन वजनाचा पाखा होता, पाण्यात खोल. तो बोटीला सरळ धरून ठेवायचा, आणि शीडही तिला वाऱ्यावर टेकवून ठेवायचं. इथे दोन्ही नाही. बाजूने लाट आली की बोट पाळण्यासारखी झुलते. पहिल्याच फेरीत चहाचे दोन कप, एक लॅपटॉप आणि माझा आत्मविश्वास खाली आला. धक्क्याला लावताना वेगळीच तऱ्हा. वर केबिनचा मोठा डबा, खाली पाण्यात फारसं काही नाही. वारा त्या डब्याला ढकलतो. गंमत बघा, इतकी वर्षं वारा मिळावा म्हणून जीव टाकला, आणि आता तोच नको तिथे नेमका हजर!

वेगाबद्दलही भ्रम होता. माझी बोट सुळसुळत उडणारी स्पीडबोट नाही, पाणी कापत जाणारी आहे. अशा बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. फुटांमधल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, की नॉटमध्ये उत्तर येतं. जुन्या बोटीची पाण्यातली लांबी २५ फूट, म्हणजे ६.७ नॉट. नव्या बोटीची ३० फूट, म्हणजे ७.३. झाला ना मोठा फरक! त्यापुढे जायचं तर बोट स्वतःच केलेल्या लाटेचा चढ चढायला लागते. डिझेल दुपटीने जळतं आणि वेग अर्ध्या-पाऊण नॉटने वाढतो. ऑप्टिमायझेशन केलेल्या कुठल्याही माणसाला हा आलेख ओळखीचा वाटेल. मी साडेसहावर जातो. म्हणजे शिडाच्या बोटीपेक्षा नावापुरताच वेगवान. फरक एवढाच, की साडेसहा म्हणजे रोज साडेसहा. रात्री जेवायला कुठे असू ते सकाळी सांगता येतं.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

समुद्रावर कोणी कोणाला वाट द्यायची याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९७२ मध्ये ठरले, १९७७ पासून जगभर लागू आहेत. त्यातला एक नियम प्रत्येक शीडवाल्याला तोंडपाठ असतो. सर्वसाधारणपणे इंजिनवर चालणाऱ्या बोटीने शिडावर चालणाऱ्या बोटीला वाट द्यायची. (इंजिन लावलं की शीड वर असलं तरी ती मोटरबोटच धरली जाते. अरुंद वाटेत मोठ्या जहाजासमोर ऐट करायची नाही, वगैरे पोटनियम आहेत. पण गाभा हाच.) नऊ वर्षं मी हा नियम एका बाजूने जगलो. शीड वर केलं की मी आपला सरळ जायचो. समोरून मोटरवाला आला की वळायचा तो. नाहीच वळला, तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

नवी बोट घेतल्यावर पहिल्याच महिन्यात, मे २०२४ मध्ये, बेनब्रिज बेटाजवळ उजवीकडून एक शिडाची बोट आली. वारा अगदी मंद. ती तीन नॉटने चालली होती, थोडी इकडे, थोडी तिकडे. मला वाट द्यायची होती. मी विचार केला, डावीकडे वळू का मागून जाऊ? तो पलीकडे वळणार आहे का? मधेच वारा गेला तर हा थांबणार माझ्याच समोर. मी वेग कमी केला. तरी अंदाज येईना. चिडचिड झाली. आणि त्या बोटीवरचा माणूस? मान किंचित वर, समोर बघतोय. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तो मीच होतो हो. तंतोतंत.

मी लांबून त्याच्या मागून गेलो. माझी दहा मिनिटं गेली. त्याला हे कळलंही नसेल, कारण त्याच्या बाजूने काही घडलंच नव्हतं. तो सरळ चालला होता आणि समुद्र मोकळा होता. नऊ वर्षं माझ्यासाठीही समुद्र असाच मोकळा होता. मला वाटायचं तो तसाच असतो. दर वेळी कुणीतरी वेग कमी करत होतं, अंदाज घेत होतं, वळत होतं, म्हणून तो मोकळा दिसत होता.

आणि मग, तुम्ही म्हणाल याला आता सुचतंय, घर आठवलं. २००६ ला इथे आलो ते माझ्या नोकरीसाठी. तिची पुण्याची नोकरी सुटली, तीन वर्षं व्हिसावर काम करता आलं नाही. बोट घ्यायची ठरली ती मी ठरवली. शनिवार माझा, कारण वारा शनिवारी असला तर शनिवारीच जायला पाहिजे ना! वारा कोणासाठी थांबतो? या "वारा थांबत नाही"च्या नावाखाली मी किती ठिकाणी सरळ गेलो होतो याची बेरीज केली तर लॉगबुकपेक्षा वाईट निघेल. ती वळत होती. इतकी सहज, की मला वाटायचं आमचं छान जमतं.

त्याच नियमांत आणखी एक आहे, तो मी मोटरबोट घेतल्यावर नीट वाचला. वाट द्यायची तर लवकर द्या, आणि समोरच्याला दिसेल एवढी ठळक द्या. इंच-इंच सरकून उपयोग नाही. समोरच्याला कळलंच नाही की तुम्ही वाट देताय, तर तो घाबरून भलतंच करतो. मी रात्री केबिनमध्ये बसून हे वाचत होतो. बायको समोर पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी तू म्हणालीस तेव्हाच इंजिन लावायला पाहिजे होतं. चूक झाली माझी. सॉरी."

तिने पुस्तक खाली ठेवलं. "कुठल्या दिवशी?" असं नाही विचारलं. म्हणाली, "पावणेदोन वर्षं लागली तुला."

"दांडा बांधायला हवा होता, हे तर मी तेव्हाच..."

"दांड्याचं नाही रे."

बरोबर आहे. दांड्याचं नव्हतंच.

जुलैमध्ये बाबा आले. वय ७८. त्याआधी २०१७ ला आले होते, तेव्हा त्यांना मोठ्या हौसेने शिडाच्या बोटीवर नेलं होतं. बोट कलली तशी त्यांनी कठडा जो धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं होतं, माझ्या हातात शीड बघून त्यांचे डोळे भरून येतील. ते काहीच बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, मुंबईत राहून दर्या विसरले.

या वेळी ते केबिनमध्ये बाकावर बसले, हातात चहा, आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर कान टवकारून म्हणाले, "बरा वाजता." मग आपणहून बोलायला लागले. मी म्हटलं, "बाबा, आजोबांचा मचवा शिडाचा होता. मी शीड विकलं. वाईट वाटतं कधी कधी." ते हसले.

"झिला, तुका शिडाची हौस. आमका शीड म्हणजे उशीर. आणि उशीर म्हणजे नासलेलो मासो."

मग सांगितलं. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हा हिशेब. पण वारा पडला की पडला. मग वल्ही मारायची, नाहीतर बसून राहायचं. बर्फ नव्हता. मासा उन्हात, आणि किनाऱ्यावर व्यापारी थांबायचे नाहीत. आजीला कळायचं नाही की मचवा कुठे आहे, वारा पडलाय म्हणून उशीर की आणखी काही. ती संध्याकाळी वाळूत जाऊन उभी राहायची. बाबा तिच्याबरोबर. १९६८ मध्ये आजोबांनी सोसायटीचं कर्ज काढून इंजिन बसवलं. शीड माळ्यावर गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ते जळणाच्या लाकडांवर झाकायला काढलं.

"आजोबांना वाईट नाही वाटलं?"

"वायट कसला! पेढे वाटल्यानी." मग थोडं थांबून म्हणाले, "इंजिनाचो आवाज लांबसून येय. मचवो दिसायच्या आधी आवाज. तो आयकलो की आवस चुलीर पाणी ठेवी."

मी ज्या शांततेसाठी शीड धरून बसलो होतो, त्या शांततेत माझी आजी वर्षानुवर्षं वाळूत उभी होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी आपला मचव्याची गोष्ट दुसऱ्यांना ऐकवत होतो.

आता, डिझेलचं फार कौतुक करतोय असं वाटू नये. बरंच काही गेलं. इंजिन बंद केल्यावर बोट चालत राहायची तो क्षण गेला, तो परत येणार नाही. डिझेलचं बिल दर महिन्याला हजर असतं, आणि धूर आपलाच आहे हे नाकारता येत नाही. आणि आवाज. आजीसाठी तो आवाज म्हणजे घरी येणारा माणूस होता, पण इथल्या पाण्यात ओर्का राहतात. त्यांतले वर्षभर इथल्या पाण्यांत येऊन-जाऊन असणारे, सॅमन खाणारे, आता शंभराहूनही कमी उरलेत. ते आवाज सोडून, त्याचा पडसाद ऐकून मासा शोधतात. आपल्या पंख्याच्या गोंगाटात तो पडसाद हरवतो. जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात त्यांच्यापासून १,००० यार्ड, म्हणजे साधारण ९०० मीटर लांब राहायचा कायदा आहे. हा कायदा शिडाच्या बोटीलाही लागू आहे, पण मोटरवाल्याला तो जास्त टोचतो, टोचायला पाहिजे. लांबवर काळे पंख दिसले की मी वळतो. दुर्बिणीतून जे दिसेल ते दिसेल. इथेही वाट आपणच द्यायची.

असो. गेल्या शनिवारी पुलाखालून गेलो, पुढे बॅलर्डच्या लॉक्समधून पाण्याबरोबर खाली उतरलो, आणि बाहेर साउंडमध्ये आलो. सुकाणूवर बायको होती. तिने मागच्या हिवाळ्यात परीक्षा देऊन बोट चालवायचं कार्ड काढलंय. (माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. हे तिने सांगायला सांगितलंय. :) ) मी मागे चहा करत होतो. बघतो तर बोट उजवीकडे चांगलीच वळली. पुढे पाहिलं. अर्ध्या मैलावर एक शिडाची बोट होती.

"अगं, एवढ्या लवकर? आणि एवढं?" मी म्हटलं.

"त्याला दिसायला नको?"

शिडाची बोट समोरून सरकत गेली. मागे एक बाई सुकाणूवर होती, पुढे एक माणूस, कुडकुडत बसलेला. बाईने हात वर करून आभार मानले. बायकोनेही हात केला. मी दोन्ही हातांत कप धरून उभा होतो, त्यामुळे मला करता आला नाही.

उद्या रविवार. डिझेलचा फिल्टर बदलायचाय, दोन आठवडे टाळतोय. लेक म्हणाली आहे की तीही येईल, पण फक्त हीटर लावणार असाल तर. लावणार आहे. तिने एकदाच सांगितलंय.